साहेबांची तीन मिनिटं

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. साहेबांच्या कार्य-अहवालाच्या न वाटलेल्या प्रती कपाटावर साचत जातात, तसे तेही आपोआप साचतात. साहेब म्हणजे राज्यसभेचे खासदार, पेशाने वकील, तिसरी टर्म चालू आहे. त्यांच्या सुरतच्या ऑफिसात मी बारा वर्षं आहे. त्यांचे प्रश्न, भाषणं, पत्रं सगळं मीच लिहितो. त्यामुळे हसताना जरा जपूनच हसतो, कारण बऱ्याच किश्श्यांत हात माझाच असतो.

हजेरीत साहेब अव्वल! सभागृहाच्या दारात सही केली की दिवस भरला, मग थेट कॅन्टीन. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की काय सांगू! एकदा उधन्याला कुणाचं तरी बेसणं होतं. बेसणं म्हणजे गुजराती लोकांची शोकसभा. दारातच वही ठेवलेली. साहेबांनी सही ठोकली आणि तिथूनच मागे वळून गाडीत बसले.

मी म्हटलं, "साहेब, फोटोला हात जोडायचे राहिले."

"सही करी ने? पत्युं!" म्हणजे सही झाली, काम संपलं.

प्रश्नांचं तर विचारूच नका. साहेब कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून गठ्ठा माझ्याकडे देऊन ठेवतात. एकदा अधिवेशन तोंडावर आलं आणि माझ्याकडे एकही प्रश्न नाही. मग डोंगराळ भागातल्या कुणा खासदाराचा जुना प्रश्न उचलला, राज्याचं नाव बदललं आणि दिला पाठवून. बाकीचं बदलायचं राहून गेलं! साहेबांनी सरकारला विचारलं की दक्षिण गुजरातेत बर्फ पडून सफरचंदाच्या बागांचं जे नुकसान झालं, त्याचं काय केलं?

इथल्या एका पत्रकाराने ते नेमकं पकडलं. साहेब जराही डगमगले नाहीत. "दूरदृष्टि जोईए, भाई!" म्हणाले. अहवालात तो प्रश्न मी मोजला, आणि 'शेतकऱ्यांचे प्रश्न' या मथळ्याखाली टाकला.

साहेबांनी खासगी बिलही मांडलंय. एकच, पण तिन्ही टर्ममध्ये! त्यावर चर्चा एकदाही झाली नाही. आमच्या टायपिस्ट मीनाबेन एकदा भोळेपणाने विचारून बसल्या, "साहेब, बिलमां छे शुं?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मीनाबेनकडे पाहिलं, कारण टाइप त्यांनीच केलं होतं.

इथपर्यंतचे किस्से मी लग्नकार्यातही सांगतो. पुढचं सहसा सांगत नाही.

अहवालाची मराठी आवृत्ती गोडादऱ्यात, म्हणजे सुरतेतल्या आमच्या मराठी वस्तीत, मी स्वतः वाटतो, आणि पहिली प्रत आप्पांना देतो. आप्पा माझे वडील. नंदुरबारकडून आले आणि सगळं आयुष्य पावरलूमवर काढलं. त्या खटखटाटात कान गेले. आता अगदी जवळ जाऊन ओरडलं तरच कळतं. लूमवर बोललेलं कुणाला ऐकूच येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. हात पुढे-मागे केला म्हणजे लूम, कानाला बोट लावलं म्हणजे ऐकू येत नाही. आप्पांना वाचता येत नाही, तरी अहवाल घेऊन गल्लीभर दाखवत फिरतात, "मना पोऱ्यानी लिखेल शे!"

गेल्या वर्षी आप्पा म्हणाले, "दिल्लीमा आमनं बी सांग. मना कान ते गया. नवा पोरेसना तरी ऱ्हावाले जोयजेत."

लूमवर कानात घालायला बोळे आणि वर्षातून एकदा कानांची तपासणी, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते मी लिहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच कुठूनही न उचलता लिहिलं. साहेबांनाही आवडलं. शून्य प्रहरात तीन मिनिटं मिळतात, त्यात बोलतो म्हणाले. मी घरी जाऊन आप्पांच्या कानात ओरडलो, "सोमवारी! सकाळी! टीव्हीवर!"

शुक्रवारी लूमचे दोन कारखानदार साहेबांकडे चहाला आले. ते गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "आ रहेवा दे. बीजुं कंईक मूक." हे राहू दे, दुसरं काहीतरी टाक.

'साहेब, हे माझ्या आप्पांचं आहे,' एवढं एक वाक्य माझ्या ओठांवर होतं. ते गिळलं, आणि विमानतळाच्या पार्किंगचा विषय लिहून नोटीस पाठवली. सह्या तर तयारच होत्या!

घरी सांगायला हवं होतं. पण आप्पांना काही सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ओरडलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. "आप्पा, तुमचं काढून टाकलं, मीच काढलं," हे गल्लीच्या कानावर घालायची माझी हिंमत झाली नाही. शनिवार गेला, रविवार गेला. सांगायला लाज वाटते, पण रविवारी मी त्यांना टीव्हीवर चॅनलही लावून दिला.

सोमवारी आप्पांचे चार जुने जोडीदार आमच्या घरी जमले. सगळे लूमवाले, सगळ्यांचे कान आप्पांसारखेच. दोघांनी तर त्यासाठी खाडा केला होता. बायको कामावर गेलेली, म्हणजे घरात ऐकू येणारं किंवा पडद्यावरचं वाचता येणारं कुणीच नव्हतं. मी ऑफिसातल्या टीव्हीसमोर बसलो होतो.

साहेब उठले आणि पार्किंगवर बोलले. पण बोलले मात्र तावातावाने! गाड्या कशा आत जातात आणि बाहेर निघताना कशा अडकतात, ते दाखवायला हात सारखा पुढे-मागे, पुढे-मागे. मधेच कानातला भाषांतराचा इअरफोन निसटायला लागला, तो त्यांनी बोटाने दोनदा आत दाबला. तीन मिनिटं संपली, साहेब खाली बसले. मी टीव्ही बंद केला.

दुपारी ऑफिसचं दार उघडलं. आप्पा आणि मागे ते चौघं. एकाच्या हातात साहेब दिल्लीहून आले की घालायला हार, आप्पांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. आप्पांचे डोळे भरून आले होते.

"कितला बोलना रे तुना साहेब!" आप्पा एवढ्या मोठ्याने ओरडले की मीनाबेनचा टाइप करणारा हात थांबला.

मग त्यांनी सगळ्यांसमोर करून दाखवलं. हात पुढे-मागे, पुढे-मागे. मग बोट कानाला, दोनदा. मागचे चौघं माना डोलवत होते.

मीनाबेन माझ्याकडे बघत होत्या.

आप्पांनी पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून विचारलं, "तूच लिखेल व्हतं ना?"

तोंडात पेढा होता. मी होकारार्थी मान हलवली.