गुद्देरावाच्या घोडीचं अंथरूण

त्याचं खरं नाव बायकोला ठाऊक असेल. बाकी सगळे त्याला गुद्देराव म्हणायचे, तेही तो हाताच्या टप्प्यात नसला तरच. समोर आला की 'मुकादम'.

मुकादम होता तो अंथरुणाचा. पागेत बावीस घोडे. खायला घालणारे वेगळे, फिरवणारे वेगळे. घोड्यांच्या पायाखाली काय पसरायचं, ही चिंता एकोणीस वर्षं याची एकट्याची. कुणी म्हणेल, घोड्याला कसली आलीय गादी, तो तर उभ्या उभ्या झोपतो. झोपतो, पण दिवसातून घटकाभर त्यालाही आडवं व्हावंसं वाटतं, आणि खाली नुसता दगड असला तर गुडघे सोलून निघतात. गवत पसरावं तर लेकाचा आपलीच गादी खाऊन टाकतो आणि पोट धरून लोळतो. करवतीचा भुसा पसरावा तर खोकून खोकून बेजार होतो. मग उरतात रंध्याच्या ढलप्या. रंधा मारताना लाकडाच्या पातळ, कुरळ्या पट्ट्या निघतात ना, त्याच.

पूर्वी या ढलप्या फुकट मिळायच्या. लाकडाच्या गिरणीचा मालक हात जोडून म्हणायचा, "न्या हो, उपकार होतील." मग पलीकडच्या कोंबडीवाल्याला शोध लागला की पिल्लांखालीही हेच उत्तम. झालं. मालकाने जोडलेले हात सोडवून घेतले, फळ्यावर खडूने भाव लिहिला आणि नियम केला: दर शुक्रवारी सकाळी दार उघडेल, ज्याची गाडी आधी ढलप्या खाली सोडणाऱ्या पन्हळीखाली लागेल, आठवड्याचा सगळा माल त्याचा. स्वतः वरच्या खिडकीत चहा घेऊन बसायचा. भांडणारी माणसं घासाघीस करत नाहीत, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. दर महिन्याला खडूचा आकडा वाढायचा आणि खाली ही दोघं एकमेकांची हाडं मोजायची.

दोघंही तोडीस तोड. गुद्देरावाने कोंबडीवाल्याचे पुढचे तीन दात काढले होते. कोंबडीवाल्याने याचं नाक एकदा डावीकडे बसवलं, पुढच्या वर्षी उजवीकडे आणून ठेवलं. चाकाखाली दगड टाकणं, कॉलर धरून डोकं गाडीच्या पाटीवर आपटणं, हे तर नमस्कारासारखं चालायचं. वैर होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. कामच तसं होतं.

त्या शुक्रवारी मात्र कोंबडीवाल्याने फावडं आणलं. गुद्देरावाने त्याच्या पोटात गुडघा घातला, कानावर एक ठेवून दिली आणि गाडीकडे वळला, तोच फावड्याचा दांडा खालून जबड्यावर आला. जीभ दातांखाली सापडली. दोन दाढा निखळून धुळीत पडल्या. तोंडातून रक्ताची धार लागली आणि हा पन्हळीच्या खांबाला धरून खाली बसला. उठेपर्यंत ऐंशी पोती कोंबडीवाल्याच्या गाडीत चढली होती.

रिकाम्या गाडीने पागेत जायचं कसं? वाटेत बंदुकीचे दस्ते बनवणारा एक कारखाना होता. त्यांच्या मागच्या अंगणात ढलप्यांचा दहा-बारा पोत्यांचा ढीग कायम असायचा. माल आयता आणि फुकट. गुद्देरावाने दहा पोती भरली.

इथे त्याची एक रीत सांगायला हवी. कुठलंही पोतं आलं की तो चिमूटभर ढलप्या तोंडात टाकून चावायचा. पाइन असेल तर राळेची चव, सागवान असेल तर तेलकट, आणि कडवट लागलं की पोतं थेट चुलीत. एकोणीस वर्षांत एकही पोतं चाखल्याशिवाय पसरलं नव्हतं.

हाताखाली त्याचा मेहुणा होता. तो म्हणाला, "दाजी, चाखलं नाहीत."

"तोंडात नुसतं रक्त लागतंय. शेण घातलंस तरी गोड लागेल."

"मी चाखू का?"

"तू? तुला चहा आणि काढा यातला फरक कळत नाही. तुझ्या बहिणीच्या हातचं खाऊन मोठा झालायस. पसर."

सगळ्यात आधी अंथरूण व्हायचं ते बाईसाहेबांचं. ही म्हातारी तांबडी घोडी. ती आणि गुद्देराव एकाच आठवड्यात पागेत आले होते, आणि बायकोशी बोलला नसेल इतकं तो तिच्याशी बोलला होता. दहाही पोती तिच्याच खणात गेली. बाकीच्यांनी एक दिवस जुन्यावर काढायचा.

सकाळी घोडी पुढचे दोन्ही पाय लांब ताणून, सगळा भार मागे टाकून उभी होती. घामाने निथळत होती. गुद्देरावाने खुराला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तापलेला तवा बरा.

डॉक्टरीणबाई आल्या. वाकून त्यांनी पायाखालची एक काळपट, कुरळी ढलपी उचलली, वास घेतला.

"काळा अक्रोड आहे हा. बंदुकीच्या दस्त्याला वापरतात. घोड्याच्या खुराला याच्यासारखं विष नाही. कुणी चाखलं होतं?"

मेहुण्याने वर छपराकडे पाहिलं. गुद्देराव म्हणाला, "कुणी नाही. मुकादम मी आहे."

"आधी बाहेर काढा हिला."

बाहेर काढायचं म्हणजे त्या पेटलेल्या खुरांवर तिला चालवायचं. पहिल्या पावलाला ती किंचाळली. दुसऱ्याला तिने मेहुण्याला पाण्याच्या हौदात फेकलं. तिसऱ्याला मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि खाली आली ती गुद्देरावाच्या खांद्यावर. गळ्याजवळचं हाड काडकन मोडलं, ते बाहेरच्या माणसालाही ऐकू गेलं. याने दावं सोडलं नाही. दुसऱ्या हाताला गुंडाळून, शिव्या देत, रडत, तिला अंगणात आणली.

डॉक्टरीणबाई त्याच्या हाताला लगामाचा पट्टा बांधता बांधता म्हणाल्या, "खुराच्या आत हाड टांगलेलं असतं. सुजेने ते सुटतं आणि खाली घुसतं. हिला आडवी पडायला स्वच्छ पाइनचं अंथरूण हवं, हातभर जाड. दुपारच्या आत. नाहीतर गोळी घालावी लागेल."

मैलोगणती परिसरात पाइनच्या ढलप्या एकाच माणसाकडे होत्या.

कोंबडीवाला शेडच्या दारात होता. गुद्देराव फाटकातून आत आलेला दिसताच त्याने काही न विचारता एक गुद्दा नाकावर दिला. गुद्देराव डुलला, उभा राहिला. दुसरा कानाखाली. तरी उभा. तिसऱ्याला कोंबडीवाल्यालाच कसंतरी वाटलं.

"हात का उचलत नाहीस?"

"एक मोडलाय. दुसऱ्याने पोती उचलायचीत."

"कुणाची?"

"तुझी. घोडीच्या पायाखाली अक्रोड घातला मी."

कोंबडीवाला जनावरंच पाळत होता. त्याला जास्त सांगावं लागलं नाही. तरी म्हणाला, "सोमवारी माझी पाच हजार पिल्लं येतायत."

"तुझी सोमवारी येतील. माझी आत्ता उभी आहे."

"पाया पडतोस?"

"वाकता येत नाही रे, हाड टोचतंय. पडलो असं समज."

कोंबडीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग आणखी एक मुस्काटात लगावली. "ही त्या माझ्या तीन दातांची. चल, गाडी मागे घे." चाळीस पोती दिली. भाव सांगितला गिरणीच्या दुप्पट. गुद्देरावाने मान हलवली.

एका हाताने पोती रिकामी होईनात म्हणून कोंबडीवाला स्वतः आला, धुऊन काढलेल्या खणात हातभर जाड थर पसरला आणि म्हणाला, "माझ्या पिल्लांना इतकं नाही मी घालत." घोडीला आत आणली. ती गुडघ्यांवर आली, कण्हली आणि धप्पकन आडवी झाली. संध्याकाळपर्यंत ते दोघं तिच्या खुरांवर गार पाणी ओतत होते.

पुढच्या शुक्रवारी गिरणीच्या दारात पुन्हा दोन गाड्या. गुद्देरावाचा हात गळ्यात. कोंबडीवाल्याने ते पाहिलं, आपला उजवा हात पट्ट्यात खोचला आणि मगच डाव्याने पहिला ठोसा मारला. गिरणीमालकाने खिडकीतून चहा फुंकला. त्या दिवशी माल गुद्देरावाने जिंकला, डोक्याने, म्हणजे कपाळ कोंबडीवाल्याच्या नाकावर घालून.

घोडी मात्र उठेना. डॉक्टरीणबाई रोज येऊन खुराला हात लावायच्या आणि 'अजून तापलंय' म्हणून जायच्या. त्यांचं ते 'अजून' गुद्देरावाला लाथेपेक्षा जास्त लागायचं. सातव्या दिवशी ती उभी राहिली, पण तशीच, भार मागे टाकून. त्या म्हणाल्या, "पुढच्या पायांवर भार घेते का, ते बघायचं."

दहाव्या दिवशी सकाळी गुद्देराव पागेच्या दुसऱ्या टोकाला पोती मोकळी करत होता. बाईसाहेबांच्या खणाकडून धाडकन आवाज झाला, पाठोपाठ लाकूड फुटल्याचा, मग पुन्हा धाडकन. मेहुणा पळत आला, कपाळावर टेंगूळ.

"दाजी, दोन्ही मागच्या लाथा घातल्या. दाराची फळी माझ्या कपाळाला चाटून गेली."

मागच्या दोन्ही लाथा एकदम घालायच्या तर सगळं अंग पुढच्या खुरांवर तोलावं लागतं. गुद्देराव पोत्यावर बसला. मोडक्या खांद्याकडचा हात वर जाईना, म्हणून त्याने डाव्या हातानेच डोळे पुसले.

"दाजी, आता दार?"

"दुसरं लाव," तो म्हणाला. "जाड फळीचं. आणि मागे उभा राहू नकोस, गाढवा."