दसऱ्याच्या सकाळचा वास

इतवारीतल्या त्या गल्लीत रोज सकाळी एक गंमत दिसायची. गणपतरावांची टॅक्सी सुरू, काचा बंद, आणि आत त्यांची बायको शोभाताई डोळे मिटून बसलेली. शेजारणी चिडवायच्या, "फिरायले नेत नाही, नुसतं बसवूनच ठेवते का वं तुले?" शोभाताई हसण्यावारी न्यायची. खरं सांगायची सोयच नव्हती.

कोरोनानं गणपतरावांचा जीव घेतला नाही, पण नाक निकामी करून ठेवलं. घरात फोडणी करपली तरी त्यांना पत्ता नसायचा. घरात ते खपून जातं हो. जुनी पेट्रोलची गाडी चालवणाऱ्याचं कसं खपावं?

"कोणाले सांगू नको वं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक तुटन."

मग त्यांनी बायकोलाच शिकवलं. गूळ वितळल्यासारखं गोडसर आलं, तर रेडिएटरमधलं कूलंट गळतंय. कागद जळाल्यासारखं आलं, तर क्लच घासतोय. सडक्या अंड्याचा वास आला की बॅटरीकडे बघायचं. आणि पेट्रोलचा आला तर आधी चावी बंद, बाकीचं नंतर. एकदा तिनं खरंच तो गुळाचा वास पकडला, बोनेट उघडलं तर पाइप गळत होता. त्या दिवशी हा माणूस बायको बोर्डात पहिली आल्यासारखा गल्लीभर मिरवला.

दसऱ्याला खापा गावचं भाडं होतं. सदर वस्तीतल्या इंदुताई मुलाला, सौरवला, घेऊन माहेरी निघाल्या होत्या आणि वेळेआधीच दारात हजर झाल्या. आधी वास, मग पूजा, असं नवराबायकोचं ठरलेलं. पण लोक ताटकळले म्हणून गणपतरावांनी पूजाच आधी उरकायला लावली. झेंडूचा हार चढला, नारळ फुटला, कापूर पेटला, धूप गाडीच्या आतही फिरला.

मग शोभाताई काचा लावून आत बसली. नाकात नुसता धूप. त्याखाली काही उग्र आहे का? पण कापूरही उग्रच असतो. तिनं पुन्हा श्वास ओढला आणि तिला ठसका लागला.

"समजून नाही राहिलं जी," हे अगदी ओठांवर आलं होतं. पण सणाचा दिवस, दारात गिऱ्हाईक, गाडीवर नुकताच नारळ फुटलेला. अशा वेळी अभद्र शंका काढायला तिची जीभ रेटेना.

"ठीक आहे जी. या जाऊन."

पाटणसावंगीच्या पुढे बोनेटमधून धूर निघाला. गणपतरावांनी गाडी कडेला घेतली, मायलेकांना लांब उभं केलं आणि बोनेट उचललं. पेट्रोलची नळी फुटली होती. भडका थेट अंगावर आला. दवाखान्यात ते फार टिकले नाहीत.

तेरवी झाल्यावर इंदुताई भेटायला आल्या. बराच वेळ पदरानं डोळे पुसत बसल्या.

"आमाले वास येत होता, ताई. कोराडीपासूनच. पेट्रोलचाच," त्या म्हणाल्या. "सौरव म्हणे, ड्रायवरले सांगू का? म्या म्हटलं, काहून? इतक्या वर्षांपासून गाडी चालवून राहिला माणूस. आपल्याले येते, तर त्याले येत नसन का?"

इतके दिवस जिवापाड जपलेली गोष्ट आता कोणासाठी जपायची, तेच शोभाताईला कळेना.

"नव्हता येत," ती म्हणाली. "त्यांले वास येतच नव्हता, ताई."