मुखवटा दातांत धरणारे पाक तार्सुदी

पाक तार्सुदींचे दात साऱ्या गावाने पहिल्यांदा नीट पाहिले ते त्यांच्या तोंडात नव्हे, क्लानाच्या मुखवट्यात.

दर साली भाताची कापणी उरकली की आमचं गाव मूळपुरुषाच्या थडग्यापाशी जमतं. नैवेद्य होतो आणि मग पाच मुखवट्यांचा नाच. शेवटचा मुखवटा क्लानाचा. लालबुंद, डोळे वटारलेला, माजलेला राजा. आमच्याकडे मुखवटा दोरीने बांधत नाहीत. आतून चामड्याची एक पट्टी असते, ती दातांत धरायची आणि धरून नाचायचं. त्या वर्षी क्लाना ऐन हसण्यात आला (तो खांद्यांनी हसतो, तोंड बिचारं पट्टीत अडकलेलं), पाक तार्सुदींनी मान झटकली आणि मुखवटा चटईवर पडला. उलटा. आत पट्टी, आणि पट्टीला गुलाबी हिरडीसकट वरची अख्खी कवळी घट्ट चावून बसलेली.

आम्ही वाजवणारे वाजवत राहिलो. सारोन या काशाच्या वाद्यावर माझे हात चालू होते आणि डोळे त्या कवळीवर. पाक तार्सुदींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पहिल्या रांगेतल्या बायकांनीही झाकलं, पण वेगळ्या कारणाने.

थडग्याचे राखणदार 'की' जुमार (वडीलधाऱ्याला आम्ही 'पाक' म्हणतो, पूज्य माणसाला 'की') हे मोजकं बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "पुढच्या साली परत पडला, तर क्लाना शेजारच्या गावाचा."

सात पिढ्या हा मान तार्सुदींच्या घरात. म्हणजे सात पिढ्यांनी चावून राखलेली गोष्ट आठवी पिढी यायच्या आत निसटायला आली होती. आठवी पिढी तयार होती, हे वेगळं. त्यांची मुलगी कास्निरा पहिले चार मुखवटे डोळे मिटून नाचायची. पण क्लाना बाप तिला हातात धरू देत नसे. "बायकांचे जबडे लहान असतात," असं ते ठासून सांगत. स्वतःच्या जबड्यात काय उरलंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

काही उरलं नव्हतं, याला कारण मस्नावी. हा मादुरा बेटावरून आलेला दात बसवणारा कारागीर, बाजारात कोंबडीवाल्याच्या शेजारी बसतो. पाटीवर लाल ओठ रंगवलेले, आत बत्तीस दात, आणि प्रत्येक दात दुसऱ्याचा असल्यासारखा. पाक तार्सुदींचे वरचे दात अडतिसाव्या वर्षी हलू लागले. लवंगी सिगारेटी आणि कधी न धुतलेलं तोंड, दोघांनी मिळून काम केलं. डॉक्टरकडे जा म्हटलं तर यांचं उत्तर ठरलेलं: "डॉक्टर पुस्तकातून शिकतो, मस्नावी हाताने शिकलाय." मस्नावीने हाताने उरलेसुरले दात उपटले आणि हातानेच कवळी बसवली.

पुढची बावीस वर्षं तमाशा असा. खाली समोरचे सहा दात स्वतःचे, दणकट. वर कवळी. पट्टी चावली की ते सहा दात कवळीवर घणासारखे बसत आणि कवळी वरच्या हाडावर. हाड दबलं की झिजतं. हाड झिजलं की कवळी सैल. सैल झाली की मस्नावी गुलाबी लेप चढवून म्हणे, "पाक, आता दहा वर्षं बघायला नको." पाकना पुढच्याच वर्षी बघायला लागायचं. शेवटी कवळी कौलाएवढी जाड झाली होती आणि वरचा ओठ कुणी फुगवून ठेवल्यासारखा दिसे. गाव म्हणे, क्लानाचा मुखवटा काढला तरी खाली क्लानाच.

पडझडीनंतर कास्निराने बापाला चिरेबोन शहरातल्या डॉक्टर मेइलानींकडे न्यायचं ठरवलं आणि मोटारसायकल माझी म्हणून मला गाठलं. मी चार इयत्ता जास्त शिकलेला, अर्ज भरायलाही उपयोगी.

डॉक्टरणीने फोटो काढला, पडद्यावर लावला. "पाक, वर हाड अंड्याच्या टरफलाएवढं उरलंय. दात बसवायचा साधा स्क्रू यात उभा राहणार नाही."

"उभा नाही राहत तर तिरपा मारा," पाक म्हणाले. सल्ला द्यायला आल्यासारखे.

"तिरपा मारायलाही हाड लागतं. एक उपाय म्हणजे बाहेरून हाड भरायचं. ते मुरेपर्यंत वर्ष जाईल, मग दात."

"कुणाचं हाड?"

"गाईच्या हाडाची भुकटी मिळते."

"डुकराची नाही ना?"

"नाही. गाईचीच."

"कापली कुणी? अल्लाचं नाव घेऊन कापली का?"

डॉक्टरणीने डबीवरचा हलालचा शिक्का दाखवला. पाकनी तो उलटा धरून वाचला आणि मान हलवली. "शिक्का काय, मस्नावीकडेही आहे."

"माणसाच्या हाडाचीही मिळते. मेल्यानंतर दान केलेल्या."

इथे मात्र ते खुर्चीतून उठले. "कोण कुठला मेलेला माझ्या तोंडात? वर्षाला फुलं कुणाच्या थडग्यावर वाहू मी? आणि मूळपुरुषासमोर मी नाचायचं की त्याने?"

"मग तुमच्याच कमरेचं काढू."

"कमरेचं? क्लाना कमरेवर उभा असतो, बाई! तोंडासाठी कंबर मोडू?"

कास्निरा खिडकीबाहेर बघत होती. तिला हसू येत होतं की रडू, ते पाठीवरून कळेना.

शेवटी डॉक्टरणीने चौथा मार्ग सांगितला. वरचा जबडा सोडून द्यायचा. बोटाएवढे लांब चार स्क्रू, दोन या गालात, दोन त्या गालात, थेट गालफडाच्या हाडात रोवायचे. ते हाड झिजत नाही. त्यांच्यावर दोन-तीन दिवसांत पक्के दात. बांडुंगचे मोठे सर्जन महिन्यातून एकदा येऊन हे करतात. "पण सिगारेट बंद. आणि चार महिने मऊ भात, पेज. मुखवटा अजिबात चावायचा नाही. आणि एक लक्षात ठेवा, या दातांना स्पर्श कळत नाही. हिरडीला कळायचं तेवढंही कळणार नाही."

पाकनी यातलं "पक्के दात" एवढंच ऐकलं.

थडग्याच्या नाचाला तेव्हा अकरा महिने होते. शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी होकार कळवला असता. आमच्या कलावंताने नऊ महिने विचार केला. म्हणजे काय केलं, तर ओट्यावर बसून सिगारेटी ओढत येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, "चेहऱ्यात खिळे मारले तर मुखवटा बसेल का रे?" मस्नावीलाही विचारलं. तो म्हणाला, "खिळेच मारायचे तर मी काय वाईट?" मग एकदा आंबट चिंचेचं पाणी टाकलेलं तोफू खाताना कवळी मधोमध तडकली आणि निर्णय आपोआप झाला.

शस्त्रक्रिया झाली. गाल भोपळ्यासारखे सुजले. सूज उतरली आणि वरचे नवे दात दिसू लागले; पांढरे, सरळ, शाळेतल्या रांगेसारखे. पाक तार्सुदी साठीत होते, दात विशीत. आरशापुढून ते हलेनात. पण थडग्याचा नाच सात आठवड्यांवर आणि डॉक्टरणीची बंदी चार महिन्यांची.

"हळूच चावीन," ते कास्निराला म्हणाले.

"हळू चावलं की पडेल. जोरात चावलं की दात जातील. बापा, नऊ महिने काय अंडी उबवत होतात?"

"तोंड सांभाळून बोल."

"तुमचं सांभाळून झालं की माझं सांभाळते."

ती थेट की जुमारांकडे गेली. म्हणाली, क्लाना मी नाचणार, घर तेच आहे. त्यांनी तिला तिथेच मुखवटा धरून दाखवायला लावला, खांद्यांनी हसायला लावलं, मान तीनदा झटकायला लावली. मुखवटा हलला नाही. की जुमार म्हणाले, "पडला तर तुझ्या बापाने पाडला असंच धरीन." नाचाच्या दिवशी पडला नाही. मी वाजवत होतो, शपथेवर सांगतो, त्या दिवशी क्लानाचा माज पहिल्यांदा अंगावर आला. पाक तार्सुदी बाजूला बसून पेज पीत होते आणि तिच्या पावलात चुका काढत होते. तोंड मात्र उघडंच, सगळ्यांना दिसावं असं.

चार महिने संपले. एका लग्नात क्लाना पुन्हा स्वतः नाचायचा बेत त्यांनी जाहीर केला. आमच्या अंगणात तालीम. मुखवटा लावला तर क्लाना आभाळाकडे बघू लागला. इतकी वर्षं कवळी हिरडीवर डुलायची आणि हिरडी सांगायची मुखवटा कुठे कलला ते. आता वर चार स्क्रू, घट्ट आणि मुके. पट्टी बदलली. क्लाना जमिनीकडे बघू लागला. तिसरी पट्टी घातली, तो डावीकडे, कोंबड्यांच्या खुराड्याकडे.

"बापा, राजा अंडी मोजतोय का?"

"गप." त्यांनी करकचून चावलं. खालचे दात दुखून डोळ्यांत पाणी आलं. मुखवटा हातात घेऊन ते खाली बसले आणि पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "वरून काही कळतच नाही गं."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खरं वाक्य. ते फार वेळ टिकलं नाही. त्यांनी खिशातला आरसा काढला, दात बघितले आणि चेहरा पुन्हा जागेवर आणला. "नाहीतरी एवढे खिळे ठोकून आणलेलं तोंड लाकडाच्या मागे लपवू? लोकांनी बघायचं कधी?"

कास्निराने मुखवटा उचलला, पट्टी फडक्याने पुसली. "मग मी घेते."

"घे. पण नीट धर. बायकांचे जबडे..."

"माझा माझाच आहे, बापा. भाड्याचा नाही."

त्या लग्नात ती नाचली. पाक तार्सुदी नवरदेवाच्या काकांच्या मांडीला मांडी लावून पहिल्या रांगेत बसले होते. पहिला मुखवटा पांजीचा, शांत. तिथे कुणी ओठही हलवत नाही. हे तिथेही हसत होते. फोटोवाल्याने दोनदा येऊन सांगितलं, "पाक, जरा तोंड मिटा, फोटोत चमक येतेय."

त्यांनी मिटलं नाही.