लिंपलेली ढोली

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. गडमुडशिंगीत शाळा, कोल्हापुरात कॉलेज आणि सत्तरच्या दशकात राधानगरीच्या जंगलात वनपालाची नोकरी. जंगल राखणारा म्हणजे कचेरीतले मोठे साहेब, अशी माझी तेव्हा समजूत होती.

त्या उन्हाळ्यात वाळलेल्या झाडांवर तोडीसाठी हातोड्यानं शिक्का मारायचं काम माझ्याकडे होतं. ओढ्याकाठच्या एका जुन्या बेहड्याचा शेंडा वाळलेला दिसला. बुंधा ठोकला तर पोकळ वाजला. मी शिक्का मारला.

दुसऱ्या सकाळी तोडणारे कुऱ्हाडी घेऊन आले, तर आमचे रोजंदारीवरचे राखणदार चाचा बुंध्याला टेकून बसलेले.

"चाचा, उठा की. आत बिऱ्हाड हाय काय तुमचं?" एकानं टोमणा मारला.

"माझं न्हाय, तिचं हाय." मग चाचा मला म्हणाले, "सायेब, घटकाभर बसा. बोलू नका फकस्त."

मी बसलो. शिक्का मागे घ्यायचा तर चूक लेखी कबूल करावी लागणार, आणि नोकरीत मी अजून कायम झालो नव्हतो.

एवढ्यात वरून भाता चालावा तसा पंखांचा आवाज आला. मोठ्या पिवळ्या चोचीचा धनेश खोडाला बिलगला. ज्याला मी झाडाची गाठ समजलो होतो, ते ढोलीचं लिंपून बंद केलेलं तोंड होतं. त्याच्या फटीतून दुसरी चोच बाहेर आली. नरानं घशातून उंबराचं फळ काढून तिच्यात ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. वनस्पतिशास्त्र शिकलेला मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. तोडणाऱ्यांनी कधी कुऱ्हाडी खाली ठेवल्या, कळलंच नाही.

"मादीनं सोताला कोंडून घेतलंय," चाचा हळूच म्हणाले. "पिल्लं मोठी हुईस्तवर ह्यो एकटा चारतोय. झाड पडलं की समदी गेली. धा-बारा वरसं बघतोय मी, दर साली ह्येच झाड."

"मग काल शिक्का मारताना बरोबर होतात, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"काल तुम्ही इचारलं कुठं?"

त्याच संध्याकाळी मी अहवालात लिहिलं, 'शिक्का माझ्या चुकीनं पडला. झाड तोडू नये.' वरून कडक ताकीद आली, पण झाड राहिलं.

मे महिन्यात चाचांनी मला बोलावून नेलं. लिंपण फुटलं होतं, आणि ढोलीच्या तोंडाशी एक पिल्लू पहिल्यांदाच उजेड बघत होतं.

त्यानंतर चाचांना विचारल्याशिवाय मी एकाही झाडावर हातोडा उचलला नाही.