सहावे नाव

आमच्या फान्टी लोकांच्या गावात माणूस गेला की त्याचे जीवनचरित्र छापतात आणि शनिवारी, अंत्यविधीला, ते सर्वांसमोर वाचून दाखवतात. त्यात प्रत्येक मृत पुरुष प्रेमळ पिता असतो. शिकलेली माणसेही ते मान डोलावत ऐकतात. मीही ऐकतो.

ही चरित्रे एको क्वान्सा लिहीत असे. आम्ही वीस वर्षे एकाच शाळेत शिकवले. तो मृताचे दोष गाळत असे, पण नसलेला गुण कधी घालत नसे. त्यामुळे त्याची चरित्रे आखूड होत आणि लोक कुरकुरत.

लॉरीमालक ओतू वारले तेव्हा त्याने त्यांच्या सहा मुलांची नावे लिहिली. सहावी अराबा, बाजारात धुरावलेले मासे विकणारी. ओतूंनी तिला घरात कधी घेतले नाही. मात्र ती आपली मुलगी आहे, हे तिच्या बारशाला कबूल केले होते. घराण्याचे प्रमुख एग्या आमिसा ते नाव काढायला सांगण्यासाठी शाळेत आले.

"मास्तर, जन्मभर आमच्या पोरांची हजेरी घेतलीत. आता मेलेल्याच्या पोरांचीही घेणार?"

"एग्या, हजेरीपटावर नाव असलं तर मूल गैरहजर आहे असं तरी लिहिता येतं," क्वान्सा म्हणाला. "नावच खोडलं तर मी काय लिहू?"

एग्या हसले आणि गेले. पुस्तिका छापून आली तेव्हा तिच्यात पाचच नावे होती.

शनिवारी क्वान्साने ती पुस्तिका वाचली. ध्वनिक्षेपक माझ्या ताब्यात होता. पाचव्या नावानंतर क्वान्सा थांबला. एग्यांनी माझ्याकडे पाहिले. ते शाळेच्या समितीवर आहेत आणि मुख्याध्यापकपदासाठी माझा अर्ज समितीपुढे होता. मी बटण बंद केले. त्याने सहावे नाव उच्चारले. ते पुढच्या तीन रांगांनी ऐकले. अराबा शेवटच्या रांगेत होती. घराण्यातल्या सर्वांनी विधीला नेसायला निवडलेले एकसारखे कापड तिला मिळाले नव्हते. ती स्वतःच्या काळ्या कापडात आली होती.

क्वान्साने माझ्याकडे पाहिले नाही. पुस्तिका मिटून तो खाली उतरला.

विधी संपल्यावर अराबा माझ्याकडे आली.

"क्वान्सा मास्तर शेवटी काहीतरी म्हणाले ना? त्यांचे ओठ हलताना दिसले."

"प्रार्थना असेल," मी म्हणालो. "यंत्र बिघडलं होतं."

तिने मान डोलावली. मी तारा गुंडाळू लागलो.

क्वान्साला आता कोणी चरित्र लिहायला सांगत नाही. लोक माझ्याकडे येतात. मी लांब लिहितो.