चाकणची रिकामी खोली आणि भरलेला फळा

लोक कोकणात जातात, हिमाचलला जातात. मी चाकणला गेलो, तेही हौसेने, कामं बाजूला ठेवून. बॅग भरताना बायकोने विचारलं, "तिथे बघायला काय आहे?" मी म्हणालो, "खोल्या." तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं स्पष्टीकरण मी गिळून टाकलं.

तिला दिलं नाही ते इथे देतो. मी सांगलीत इंटिरियरची कामं करतो. दवाखाने, पतसंस्था, अधूनमधून एखादा बंगला. यंदा गावातल्या एका कॉलेजने वेगळंच काम गळ्यात घातलं. जुना वाचनकक्ष मोडून तिथे मुलांना घोळक्याने बसून शिकता येईल अशी खोली करायची. चाकांची टेबलं, लिहायच्या भिंती, मोठा स्क्रीन आणि त्याला जोडलेला ऑनलाइन फळा, म्हणजे एकाने भिंतीवर लिहिलेलं दुसऱ्याला मोबाइलवर दिसेल आणि त्याला तिथूनच उत्तरही देता येईल. प्राचार्य 'कोलॅबोरेटिव्ह स्पेस' हा शब्द इतक्या प्रेमाने उच्चारत होते की मीही मान डोलावली. कळलं मात्र ओ की ठो नाही.

मग वैशालीला फोन लावला. ती माझी कॉलेजातली वर्गमैत्रीण. चाकणजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि अशी एक खोली तिने संस्थेशी भांडून उभी केली आहे. "ये की," ती म्हणाली, "पण या आठवड्यातच ये. शुक्रवारी आमचे अध्यक्ष येणार आहेत खोली बघायला. रिकामी दिसली तर तिथे प्लेसमेंट ऑफिस टाकणार म्हणतात. आणि ती रिकामीच असते रे." शेवटचं वाक्य ती फार हळू बोलली. एरवी ही बाई हळू बोलत नाही.

तुम्हाला कधी या बाजूला यायचं झालं तर माझा सल्ला ऐका. एसटीने स्वारगेटला उतरा आणि सरळ मेट्रोत बसा. पिंपरीपर्यंत थंडगार येता येतं. पूर्वी याच अंतरात रिक्षावाल्याशी भांडण, समेट आणि पुन्हा भांडण एवढं सगळं उरकायचं. पुढे आकुर्डीपर्यंत बस आहे. स्टेशनजवळ लॉज मिळतात, फक्त खोली रस्त्याच्या बाजूची घेऊ नका. शिफ्टच्या बसेस पहाटेच सुरू होतात आणि त्यांच्या ड्रायव्हरांचा हॉर्नवर जीव आहे.

आकुर्डीत बुधवारी एका कॉलेजची खोली पाहिली. पोह्यांची गाडी गेटसमोरच, पोहे झकास. खोली त्याहून रंगीत. नारिंगी भिंती, हिरवं छत, जमिनीवर बसायला फुगीर गाद्या. दाखवणारे सर म्हणाले, "इथे मुलांना कल्पना सुचतात." तेव्हा एका गादीवर एक मुलगी गाढ झोपली होती आणि दोघं चार्जिंगला लावलेल्या मोबाइलवर पहारा देत होते. सर खाकरले. मी म्हटलं, झोपू द्या हो, बिचारीची परीक्षा असेल. ऑनलाइन फळा उघडून बघितला. उद्घाटनाच्या दिवशीचं 'सुस्वागतम्' अजून तसंच होतं.

गुरुवारी सकाळी लोकलने तळेगाव. तिकीट वडापावापेक्षा स्वस्त आणि खिडकी हमखास मिळते. देहूरोडला लष्कराच्या लांबच लांब भिंती आणि जुनी झाडं लागतात, तेवढ्या वेळात डोळे निवतात. तळेगावच्या कॉलेजात दाखवायला खोली नव्हतीच. व्हरांड्याच्या रुंद कट्ट्याला ओळीने प्लग बसवलेले, मागच्या भिंतीला काळा रंग फासून फळा केलेला, आणि त्यावर खडूने लिहिलेलं सगळं कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकत होतं. कट्टा गच्च भरलेला. तिथल्या बाई म्हणाल्या, "आम्ही मुलं बसतात तिथे वीज नेली, बाकी काही केलं नाही." हे मी मनात टिपून ठेवलं, पण तेव्हा त्याचा अर्थ पुरता लागला नव्हता.

तळेगाव-चाकण रस्त्याबद्दल काय लिहू? कंटेनर, कंटेनर आणि मध्ये खड्डे. माझी एसटी इतकी सावकाश चालली होती की शेजारून चालत निघालेला एक माणूस आमच्या पुढे गेला, टपरीवर चहा प्यायला, आणि तरी आम्ही त्याच्या मागेच. शेवटी कंटाळून मीही उतरलो आणि उरलेला रस्ता तुडवला. ऊन मी म्हणत होतं. धूळ अशी की बुटांचा रंग कोणता होता ते मलाच आठवेना.

वैशाली कॉलेजच्या गेटवर उभी होती. "संज्या, केस कुठे गेले तुझे?" हे स्वागत. मी म्हटलं, "तळेगाव चौकात अडकलेत, येतील मागून." एवढं झाल्यावर तिने मला ओढतच खोलीकडे नेलं.

दारातून आत पाहिलं आणि खरं सांगतो, पोटात दुखलं. काय देखणी खोली! निळसर कार्पेट, एक अख्खी भिंत लिहिण्यासाठी, पाहिजे तशी जोडता येणारी अर्धगोल टेबलं, खाली बसणाऱ्यांसाठी उशा. कुठे आवाज घुमत नाही, डोळ्यावर येणारा दिवा नाही. आणि आत चिटपाखरू नाही.

"आता हे बघ," म्हणून तिने मोबाइल पुढे केला. ऑनलाइन फळा. खच्चून भरलेला! सर्किटच्या आकृत्या, त्यावर लाल रेघोट्या, 'हे चुकलंय भावा', 'मोटर जळेल अशाने', 'सरांना विचारू नको, आधी बघू आपण'.

"मग हे लिहितं कोण?"

"तेच तर. नावंही टोपणनावं टाकतात मेले. फळा फक्त कॉलेजच्या वायफायवर उघडतो, म्हणजे घरूनही नाही. मी दादांना हा मोबाइल दाखवला." दादा म्हणजे ते अध्यक्ष. "ते म्हणाले, मॅडम, मला खुर्चीत मानसं दाखवा. आता उद्या काय दाखवू मी त्यांना? ये, आत तरी ये."

दाराबाहेर पाटी होती: 'पादत्राणे बाहेर काढून ठेवावीत.' शेजारी लाकडी रॅक. आता माझी अडचण अशी की डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी हे एवढं भोक, आणि दोन्ही मोजे दिवसभर त्या रस्त्यावर शिजलेले. वैशालीसमोर ते बूट काढायचे म्हणजे अब्रूचा पंचनामा. मी खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि "हां, बोला बोला" करत बाहेर सटकलो. पलीकडे कुणीही नव्हतं.

खोलीच्या मागच्या अंगाला पार्किंगकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. तिथे मुलामुलींचा घोळका बसला होता. या कॉलेजातली बरीच मुलं सकाळी कंपनीत शिकाऊ म्हणून काम करतात. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस त्यांना गेटवर सोडते आणि मग त्यांचे संध्याकाळचे तास सुरू होतात. वैशालीने येतानाच त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "ही मंडळी तास सुरू होईपर्यंत मोबाइलवर टाइमपास करतात." मी मागून डोकावलो. सगळ्यांच्या मोबाइलवर तोच फळा होता. तीच आकृती, त्याच लाल रेघोट्या.

मी शेजारी बसलो, सांगलीहून आलोय म्हटलं. सोहेल नावाचा मुलगा, त्याच्या वडिलांचं चाकणला गॅरेज आहे, लगेच सरकून बसला. बीडकडची कोमल मोटरची आकृती दुरुस्त करत होती. मी विचारलं, "अरे, आत एवढी चांगली खोली आहे, भिंत आहे लिहायला. इथे उन्हात का?"

"आत एसी लई गार असतो, सर," सोहेल म्हणाला.

"आत बोललं की आवाज घुमतो," दुसरा कुणीतरी.

"इथून बस दिसते," तिसरा.

एसी तेव्हा बंद होता, कार्पेटमुळे आवाज घुमत नव्हता आणि बस तर नुकतीच त्यांना सोडून गेली होती. थापा कशा असतात ते मला बरोबर ओळखू आलं, कारण तसलीच एक थाप मी पाच मिनिटांपूर्वी कानाला लावून आलो होतो. मी खाली पाहिलं. सगळ्यांच्या पायात कंपनीचे सेफ्टी शूज. पुढे लोखंडी टोपी असलेले, घोट्याच्या वरपर्यंत बांधलेले, ग्रीसने काळे झालेले.

मग मी माझा डावा बूट काढला. अंगठा बाहेर आला. आणि जे हसले सगळे! सोहेल म्हणाला, "राव, सर, हवा खेळती ठेवलीय तुम्ही."

हसू ओसरल्यावर कोमल हळूच म्हणाली, "आठ घंटे पाय बुटात असतात, सर. वास येतो. पोरं तर पोरं, मला तर मेल्याहून मेल्यासारखं होतं. दिवसाच्या रेग्युलर पोरींचं बरंय, सँडल काढली की आत; पण त्या तर तास संपला की घरी पळतात. आमी काय लेस सोडत बसावं दारात? आन मॅडमनी कार्पेट किती हौसेनं आणलंय. घाण करायची का ते?"

वैशालीला हे सांगणं सोपं नव्हतं. ती आधी चिडली. "म्हणजे माझ्या कार्पेटमुळे? अरे, आवाज कमी व्हावा, जमिनीवर बसता यावं म्हणून मी ते शोधून शोधून आणलं! आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला काढूनच जातात ना सगळीकडे? आपण नाही गेलो?" गेलो होतो. यंत्राला धूळ लागू नये म्हणून आपण सगळे देवळात गेल्यासारखे लॅबमध्ये गेलोय. सांगलीच्या माझ्या आराखड्यातही दारापाशी चपलांचा रॅक होता, आणि तो मी काढलाय हेसुद्धा मला आठवत नव्हतं. हात आपोआप चालतो.

ती पायऱ्यांकडच्या खिडकीशी गेली आणि खाली डोकावली. मग म्हणाली, "वर्षभर ही पोरं या भिंतीला टेकून बसलीत, आणि मी त्यांना टाइमपास म्हणाले." तिचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे पाहिलं. मला असं काही बघवत नाही.

शुक्रवारी सकाळी शिपायाला हाताशी घेऊन आम्ही कार्पेट उचकटलं. ते डिंकाने चिकटवलेलं होतं, त्यामुळे खालून जी फरशी निघाली ती पाहून कुणीही घरी परत गेलं असतं. पिवळे डाग, चिकट पट्टे. मी तीस वर्षांत एवढी कुरूप जमीन कुणाच्या ताब्यात दिली नव्हती. वैशालीने पाटी काढली, रॅक उचलून जिन्याखाली ठेवला आणि शिफ्टची बस आल्यावर स्वतः पायऱ्यांवर गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण पोरं आली. आधी दारात बूट आपटून धूळ झाडत होती, मग सरळ आत.

दादा आले तेव्हा खोलीत नुसता गलका होता. पांढरं धोतर, करकरीत टोपी, मूळ इथल्याच गावातले. ते आले की कॉलेजात सगळे उभे राहतात, ही इथली रीत. कोमल भिंतीकडे तोंड करून मोटरचं सर्किट काढत होती, सोहेल खुर्चीवर उभा राहून वरच्या कोपऱ्यात काहीतरी पुसत होता, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चालू होतं. कुणी उठलं नाही. कुणाचं लक्षच नव्हतं. वैशाली पुढे सरसावली. ती "उठा रे" म्हणणार तेवढ्यात दादांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या."

त्यांनी भिंतीवरचं सर्किट वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग जमिनीकडे पाहून म्हणाले, "मॅडम, ह्ये काय क्येलंय? येवढा खर्च क्येला व्हता आमी."

"पोरांचे बूट चालत नव्हते त्याच्यावर, दादा," वैशाली म्हणाली. "मला पोरं पाहिजे होती."

दादांनी त्या काळ्या बुटांकडे पाहिलं, पुन्हा फरशीकडे पाहिलं. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही. "सोमवारी मीटिंग हाय. बगू," एवढं बोलून निघून गेले.

मला परतीची गाडी होती. चाकणच्या चौकात वैशालीने मिसळ खायला घातली. दोघांनीही नीट खाल्ली नाही, त्यामुळे ती चांगली होती की नाही हे सांगू शकत नाही. तुम्हीच खाऊन ठरवा.

सांगलीला आलो तर प्राचार्यांचा फोन, आराखडा कधी देताय? म्हटलं, अजून नाही. सध्या मी रोज त्यांच्या गेटवर जाऊन उभा राहतो. पोरं कशी येतात, कुठून येतात, हातात डबा असतो की सायकलची किल्ली, बसतात कुठे, कोणत्या जागेला वळसा घालून जातात. वॉचमनला संशय आलाय माझा. स्क्रीन किती इंची हवा हे ठरवणं त्यामानाने किरकोळ काम आहे, ते दुकानदारही सांगतो. तिथे बघण्यासारखं होतं तरी काय, असं बायकोने पुन्हा विचारलं. या वेळी मी सगळं सांगितलं. तिने आधी माझे सगळे मोजे तपासले.

आणि हो, त्या मीटिंगच्या सोमवारी संध्याकाळीच वैशालीचा फोन आला होता. खोली राहिली. प्लेसमेंट ऑफिस दुसरीकडे जाणार, फरशी मात्र तिने सुट्टीत घासून घ्यायची.

"अगं, मग पार्टी कधी?" मी म्हटलं.

"ऐक तरी. मीटिंग संपल्यावर पळतच खोलीत गेले सांगायला. सगळी टेबलं भरलेली. मला बसायला कुणी जागा दिली नाही. मी दारात उभी, आणि ती कोमल मागे वळून म्हणते कशी, मॅडम, आता नका ना, जरा नंतर या."

एवढ्या आनंदाने आपला अपमान सांगणारी बाई मी जन्मात ऐकली नव्हती.