मावशीचा फोटो

गेल्या शिमग्यानंतरचा सोमवार, दुपारची जेवायची वेळ. रक्कम अठरा हजार रुपये. ठिकाण रत्नागिरी, तात्यांचं घर. हजर चौघं. आंबा बागायतदार तात्या, त्यांची आखातात राहणारी लेक मेधाताई, व्हिसाचा एजंट आणि मी.

मी त्या घरची मोलकरीण. पण त्या दुपारी मला ताईच्या गेलेल्या आईची पैठणी नेसवली होती. टेबलाशी खुर्चीवर बसवलं होतं. समोर ताट वाढलेलं. एजंट मोबाइल धरून उभा. शेजारच्या खुर्चीत बसायला तात्या आले आणि मी उठून उभी राहिले.

"मावशी, बसा," एजंट म्हणाला.

बसले. तात्या परत आले. मी परत उठले.

"अहो, मेहुण्याला बघून मेहुणी उठते का कधी? फोटोत तुम्ही मोलकरीणच दिसताय."

ताई हसली. तात्याही हसले. ते समोर आले की उठायचं, हे माझ्या गुडघ्यांना लहानपणापासून माहीत. तिसऱ्या वेळी टेबलाची कड घट्ट धरली आणि बसून राहिले. फोटो निघाला.

लगेच ताई म्हणाली, "आता साडी सोडून नीट घडी घाल. आणि ताटं उचल. तुझं आत काढून ठेवलंय."

फोटो कशाला, ते सांगते.

ताईला बाळ झालं तेव्हा मी तिच्याकडे कामाला गेले. कामाचा परवाना काढायचा तर करार करावा लागतो, पगार लिहून द्यावा लागतो. म्हणून त्यांनी मला पाहुणी केलं. कागदावर मी ताईची सख्खी मावशी. पाहुणीला तिथे तीनच महिने राहता येतं. मुदत संपत आली की मला बसने सरहद्दीपलीकडे पाठवायचे. नवा व्हिसा आला की परत आत. तोवर एका खोलीत एकटीने वाट बघायची. तिथली भाषा येत नाही. कुणी विचारलं तर मावशी आहे म्हणून सांगायचं, एवढं पाठ. परत घरात शिरले की आधी साचलेली भांडी.

एकदा ताई आणि जावई फिरायला गेले आणि मला बाहेर पाठवायचं राहून गेलं. मुदत उलटली. दंड झाला. आपल्या पैशांत अठरा हजार. तो माझ्या पगारातून कापला.

"दंड तुझ्या नावावर आलाय ना," ताई म्हणाली.

व्हिसाला मावशी. दंडाला मोलकरीण.

त्या पैशांतून माझ्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. शिमग्याला ताईबरोबर गावी आले, तेव्हा ती बचत गटातून कर्ज काढून भरली. गावी असले की गटाचे हिशेब मीच ठेवते. माझ्या नावापुढे पहिल्यांदा कर्ज लिहिलं, तेही माझ्याच हाताने.

एकदा मुदत मोडली, म्हणून परत जायच्या नव्या व्हिसाला नात्याचा पुरावा मागितला होता. असे फोटो, आणि मी सख्खी मावशी असल्याचं माझ्या सहीचं प्रतिज्ञापत्र. सही केली तर मुलीची पुढची फी सुटत होती. हे मला ठाऊक होतं.

तर ताई म्हणाली, ताटं उचल. मी उठले नाही. बसायला त्यांनीच शिकवलं होतं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "मावशीच्या पगारातून दंड कापतात का, ताई?"

"तात्या, हिला वाचा फुटली बघा."

तात्या खुर्चीतून उठले. माझ्या समोर येऊन उभे राहिले.

"काय गो, तुझा नवरा कुणाच्या बागेत राखणीला असतो?"

"तुमच्या."

"मग?"

मी बसूनच होते. टेबलाची कड परत घट्ट धरली होती. ते सांगायची मला लाज नाही.

"जाईन तर मोलकरीण म्हणून जाईन. कामाचा परवाना, पगार लिहिलेला, पासपोर्ट माझ्याजवळ. आणि तो फोटो पुसा. माझ्यासमोर."

एजंट तात्यांकडे बघायला लागला.

"पूस रे," तात्या म्हणाले. "हिच्यासारख्या छप्पन्न मिळतील."

त्याने पुसला. मी समोरचं ताट जेवले. भात गार झाला होता, तरी सगळं जेवले. माझं ताट मी उचललं. बाकीची नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांचं राखणीचं काम गेलं. ऐन आंब्याच्या दिवसांत.  तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "दंडाचे पैसे तेव्हाच मागायला हवे होतेस."

मागायला मी तीनदा गेले. तीनही वेळा पुढच्या दाराने. पेट्या जाऊन बाग रिकामी झाली, तेव्हा तात्यांनी बारा हजार काढले आणि पावती पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं, मदत म्हणून दिले. मी ते खोडलं. लिहिलं, पगारातून कापलेल्यांपैकी मिळाले. खाली लिहिलं, बाकी सहा हजार. मग सही केली.

बारा हजार त्याच दिवशी बचत गटात भरले. सहा हजार तात्यांकडून यायचे आहेत. ते मी सोडणार नाही. पुढच्या दारानेच जाणार आहे, आणि गेले की बसणार आहे.